दीड वाजताचं दुखणं

रत्नागिरीजवळ पावसच्या बाजूला आमची हापूसची कलमं आहेत. गेली काही वर्षं मला क्लस्टर हेडेक नावाचा डोकेदुखीचा आजार आहे. तो ओळखायला फार काळ गेला. आपल्या भागात कुणाला असंच होत असेल, तर त्याचा तेवढा काळ वाचावा म्हणून सगळं क्रमाने सांगतो.

पहिला झटका २०१६ च्या जानेवारीत आला. कलमं मोहरली होती, तुडतुड्यांसाठी फवारणी चालू होती. रात्री जेवून झोपलो आणि दीडच्या सुमाराला उजव्या डोळ्याच्या मागे कळ उठली. थोड्याच वेळात ती एवढी वाढली की अंथरुणात राहवेना. उजवा डोळा लालभडक, त्यातून घळाघळा पाणी. उजवी नाकपुडी चोंदलेली आणि तरीही गळणारी. उजवी पापणी अर्धी खाली आलेली. डाव्या बाजूला काहीच नाही. मी पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत राहिलो. मध्येच खांबाला कपाळ दाबून धरायचो. तासाभराने दुखणं थांबलं. दुसऱ्या रात्री पुन्हा दीडलाच सुरू झालं.

घरी, वाडीत, सगळ्यांचं एकच मत पडलं की हा मोहराचा नाहीतर औषधाच्या वासाचा त्रास. नाक गळत होतं, डोळ्यातून पाणी येत होतं, तेव्हा मलाही ते पटलं. डॉक्टरांनी सायनस म्हणून अँटिबायोटिक दिलं. वाफ घेतली, वेखंड उगाळून लावलं. मार्चमध्ये एका रात्री दुखणं आलंच नाही, मग पुढेही आलं नाही. औषध लागू पडलं असं सगळ्यांना वाटलं.

पुढच्या मोहराला ते परत आलं. या वेळी अॅलर्जीची तपासणी झाली. हातावर थेंब टाकून टोचून बघतात ती. धूळ आणि बुरशी या दोन्हींची अॅलर्जी निघाली. गोळ्यांनी दिवसभर गुंगी यायची, पण रात्रीच्या कळेला ढिम्म फरक पडला नाही. कळ वरच्या जबड्यात उतरायची म्हणून एक दाढ काढून झाली. चष्म्याचा नंबर बदलून झाला. डोकेदुखीची गोळी घेतली तर ती लागू पडेपर्यंत दुखणं आपोआप थांबायची वेळ झालेली असायची.

त्या हंगामात आंबा घेऊन वाशीला निघालो होतो. पेट्या भरून टेम्पो संध्याकाळी सुटतो, पहाटे मार्केटला लागतो. मला झोप लागली आणि कशेडी घाटाच्या अलीकडे जाग आली ती कळेनेच. टेम्पो थांबवायला लावला आणि रस्त्याच्या कडेने काळोखात चालत सुटलो. ड्रायव्हर मुलगा बॅटरी घेऊन मागे. "काका, काय होतांय? डोळ्यात काय गेलां काय?" मला उत्तर देता येईना. लाल डोळा, घाम, धड उभं राहवत नाही. पलीकडे उभ्या असलेल्या ट्रकवाल्यांनी दारू प्यायलोय असंच धरलं. त्यानंतर मी रात्रीचा प्रवास बंद केला. खरं सांगायचं तर प्रवासच बंद केला. भाचीच्या लग्नालाही गेलो नाही आणि कारण दुसरंच सांगितलं.

आजाराचा माग लागला तो बायकोमुळे. तिने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने लिहायला सुरुवात केली. किती वाजता उठलं, किती वाजता थांबलं, कुठला डोळा. दुधाच्या हिशेबाशेजारीच हा हिशेब. महिना संपल्यावर पान खाली उतरवून तिने माझ्यासमोर ठेवलं. जवळजवळ प्रत्येक चौकटीत दीड, पावणेदोन, दीड. काही दिवशी पहाटे साडेचारचाही आकडा होता. सगळीकडे एकच अक्षर, 'उ'. ती म्हणाली, "अहो, मोहर काय घड्याळ बघून त्रास देतो?"

ते पान घेऊन आम्ही आंबा घाटाने कोल्हापूरला मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पान नीट वाचलं आणि विचारलं, "दुखताना पडून राहता की फेऱ्या मारता?" माझ्याआधी बायकोनेच उत्तर दिलं. अर्धशिशीचा माणूस काळोख करून निपचित पडतो, या आजारात माणसाला एका जागी बसवतच नाही, असं त्यांनी सांगितलं. दुसरं काही नाही ना, हे बघायला एमआरआय केला. तो साफ निघाला. त्या दिवशी मला आजाराचं नाव कळलं. घाटात गाडी थांबवून मी थोडा वेळ रडलो. आजार मोठा होता, पण तो खरा होता. मी नाटक करत नव्हतो.

त्यांनी समजावलं ते असं. हा आजार साधारण हजारात एकाला होतो आणि बायकांपेक्षा पुरुषांत जास्त दिसतो. एक झटका १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंत चालतो. काहींना दिवसाआड एक येतो, काहींना दिवसात आठपर्यंत येतात. असे झटके काही आठवडे किंवा महिने येत राहतात आणि मग महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं काही नाही. झोपेची आणि दिवसरात्रीची वेळ सांभाळणारा मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग यात गुंतलेला असतो. म्हणून वेळ ठरलेली आणि अनेकांचा ऋतूही ठरलेला. माझा ऋतू आणि कलमांचा मोहर एकाच वेळी येतात, एवढाच त्यांचा संबंध. चेहऱ्याची संवेदना नेणारी नस चेतवली जाते आणि तिच्यामागोमाग त्याच बाजूचा डोळा आणि नाक वाहू लागतं. ते पाणी दुखण्यामुळे येतं. ते बघून सगळे अॅलर्जीकडे वळले होते.

ही गल्लत जुनी आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या बेयर्ड हॉर्टन यांनी १९३९ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा त्यांनीही अॅलर्जीत शरीरात सुटणाऱ्या हिस्टामिनला दोष दिला होता. अॅलर्जीच्या गोळ्यांनी हे झटके थांबत नाहीत, हे पुढे कळलं.

उपचार दोन प्रकारचे. झटके येऊच नयेत म्हणून वेरापामिल. हे मुळात हृदय आणि रक्तदाबाचं औषध, म्हणून सुरू करण्याआधी आणि डोस वाढवताना ईसीजी काढावा लागतो. ते लागू पडेपर्यंत थोडे दिवस स्टेरॉइड. मला वेरापामिलने बद्धकोष्ठ झालं, पाय सुजले, पण रात्री सुधारल्या. यातलं काहीही मनाने सुरू करू नका.

आलेला झटका थांबवायला ऑक्सिजन. याने माझं आयुष्य बदललं. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. मिनिटाला १२ लिटर शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर ७८ टक्के झटके १५ मिनिटांत थांबले किंवा पुरेसे कमी झाले. साध्या हवेने तसे २० टक्केच. मला मिनिटाला १२ ते १५ लिटर लागतो, तोही पिशवी असलेल्या मास्कमधून. कोविडनंतर अनेक घरांत कॉन्सन्ट्रेटर आहेत, पण ते बहुतेक ५ किंवा १० लिटरचे असतात. माझं त्याने भागलं नाही. मी बी टाइप सिलिंडर ठेवतो. त्यात साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. १५ मिनिटांच्या एका वेळेला दोनशे लिटर धरले तर सहा-सात झटके निभावतात. म्हणून मोहर फुटायच्या आधीच एक जास्तीचा भरून आणतो.

वापरताना बाकावर पुढे वाकून बसतो, मास्क घट्ट धरतो आणि कळ पहिल्यांदा जाणवताच सुरू करतो. उशीर केला तर जास्त वेळ लागतो. सिलिंडर देवघरातल्या दिव्यापासून आणि चुलीपासून लांब ठेवायचा. खोबरेल तेलाचे हात नळीला किंवा व्हॉल्व्हला लावायचे नाहीत, तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले तर पेट घेऊ शकतात. हे आमच्या घरात सगळ्यांना शिकवलं आहे.

घराबाहेर सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन जवळ असतं. ते स्वतः टोचता येतं आणि गोळीपेक्षा फार लवकर काम करतं. हृदयविकार असलेल्यांना ते चालत नाही आणि दिवसाला किती घ्यायची यालाही मर्यादा आहे. आपल्याकडे ते दुकानात तयार असेलच असं नाही. मी औषधवाल्याला आधीच सांगून मागवून ठेवतो.

प्रवास आता करतो. झटक्यांच्या दिवसांत रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस टाळून दिवसाची मांडवी धरतो. गाडीत डुलकी काढत नाही, कारण त्या दिवसांत मला दुपारच्या झोपेनेही झटका येतो. रेल्वेत गॅस सिलिंडरला बंदी आहे, पण रुग्णाला डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर ऑक्सिजन सिलिंडर नेता येतो. तरी मी आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन विचारून येतो आणि पत्राच्या दोन प्रती ठेवतो. विमान कंपन्या स्वतःचा सिलिंडर सहसा घेऊ देत नाहीत, तिथे इंजेक्शन आणि चिठ्ठीच कामाला येते. शेजारी बसणाऱ्याला आधीच सांगतो की मला असं काही झालं तर घाबरू नका, मी उठून फिरेन, तासाभरात ठीक होईन. हे सांगायला सुरुवातीला फार जड गेलं.

अॅलर्जी मला खरोखरच आहे, पण तिची तऱ्हा वेगळी. पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरली की सकाळी शिंकांवर शिंका. दोन्ही नाकपुड्या गळतात, दोन्ही डोळ्यांना खाज सुटते, कळ मात्र नसते. त्यावर गोळी घेतली की बरं वाटतं. झटक्यांच्या दिवसांत दारूचा घोट, थिनर आणि ऑइलपेंटचा वास हे मला बाधतात. एरवी त्यांनी काही होत नाही. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात त्या गोळीनेही हा झटका येऊ शकतो, म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलो की या आजाराचं नाव आधी सांगतो.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. निदान होण्याआधीच्या काही रात्री मला विहिरीकडे जावंसं वाटायचं. एका सकाळी ते बायकोला सांगितलं. त्या रात्रीपासून ती माझ्याबरोबर पडवीत जागी राहू लागली. या दुखण्यात असे विचार अनेकांना येतात. ते घरात बोला, डॉक्टरांना सांगा. घरात बोलवत नसेल तर सरकारच्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आजार गेलेला नाही. यंदाही थंडीत झटके आले, पण बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत मी परत झोपलो. सकाळी बागेत कामाला गेलो.

डॉक्टरांकडे जाताना 'डोकं दुखतं' एवढंच सांगू नका. एकच बाजू का, किती वाजता, किती वेळ, त्या बाजूचा डोळा आणि नाक वाहतं का, आणि दुखताना पडून राहवतं का, हे लिहून न्या. रात्री तुम्हाला फेऱ्या मारताना पाहिलेलं माणूस बरोबर न्या. नाक साफ करूनही, दाढ काढूनही ठरल्या वेळी तीच कळ येत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि ऑक्सिजनचं विचारा.