सुतळीखालची अक्षरे

घरातल्या घरात प्रकाशचित्रे काढून पाहावीत, असे मनात आले तेव्हा अण्णांचा त्याच्याशी काही संबंध येईल असे वाटले नव्हते. तत्त्व अगदी साधे आहे. खोली पूर्ण अंधारी करायची, कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवायचा, झडप म्हणजे शटर बराच वेळ उघडे ठेवायचे आणि त्या अवधीत हातातला दिवा हवेत फिरवायचा. कॅमेऱ्याला हात दिसत नाही, माणूस दिसत नाही. दिवा जिथून जिथून गेला ती वाट मात्र उमटते. दुसरा प्रकारही आहे. त्यात दिव्याचे तोंड कॅमेऱ्याकडे न करता वस्तूकडे करतात आणि कुंचला फिरवावा तसा तिच्यावर उजेड फिरवतात. मी सुरुवात या दुसऱ्या प्रकाराने केली. माळ्यावरचा तांब्याचा हंडा काढला, एफ/८, आयएसओ १००, ३० सेकंद अशी जुळणी केली आणि तीन रात्री तो हंडा विजेरीने सारवत बसलो.

अंधार वाटतो तितका सोपा नसतो, हे तेव्हा कळले. खिडकीला गोधडी लावली तरी इन्व्हर्टरचा हिरवा ठिपका उरतो, राउटरचे दिवे लुकलुकत राहतात. अंधारात कॅमेऱ्याला आपोआप फोकस साधता येत नाही. आधी वस्तूवर विजेरी धरून तो साधायचा आणि मग तिथेच कायम करून टाकायचा. पहिल्या रात्रीच्या सगळ्या चित्रांत हंड्यामागे एक पांढरट भूत उभे होते. तो माझा सदरा. देवघरातली समई विझवायला आईने साफ नकार दिला, त्यामुळे माझ्या प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात एक तांबूस ठिणगी आहे. आता ती नसली तर मलाच चुकल्यासारखे होईल.

अण्णा रात्री नीट झोपत नाहीत. चौथ्या रात्री ते दारात येऊन उभे राहिले आणि थोडा वेळ पाहून म्हणाले, "लिहिता येतं का रे याच्यात?"

अण्णा पाट्या रंगवत असत. साताऱ्यातल्या किती दुकानांवर त्यांचे अक्षर होते याची मोजदाद त्यांनीही कधी ठेवली नाही. फ्लेक्स आले आणि ते काम हळूहळू संपले. पुढे काही वर्षे वाहनांच्या नंबरपाट्या होत्या, मग त्याही गेल्या. सहा वर्षांपूर्वी कंपवाताचे निदान झाले. तेव्हापासून त्यांच्या हातात कुंचला मी पाहिलेला नाही.

हवेत लिहिण्यातली पहिली अडचण अशी, की लिहिणाऱ्याचे तोंड कॅमेऱ्याकडे असते, त्यामुळे चित्रात अक्षर उलटे उमटते. बहुतेक लोक सरळ लिहितात आणि मागाहून संगणकावर चित्र फिरवून घेतात. मी हे समजावून सांगू लागलो तर अण्णा हसले. दुकानाच्या काचेवरचे अक्षर पावसाने धुपू नये म्हणून आतल्या बाजूने रंगवत. म्हणजे उलटे, उजवीकडून डावीकडे. शिवाय अक्षराची झळाळी आणि कड आधी आणि मागचा रंग सर्वांत शेवटी, असा क्रमही उलटा. "काचेमागं उभं राहायचं म्हण की," एवढेच ते म्हणाले.

दुसरी अडचण त्यांनीच काढली. अंधारात शिरोरेखा कशावर धरायची? पाटीवर ते आधी खडूची दोरी ताणून टिचकी मारीत. रेघ उमटे आणि तिला अक्षरे टांगली जात. त्यांनी मला सुतळी आणायला लावली. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत छातीच्या उंचीवर ती ताणून बांधली. डाव्या हाताचे बोट सुतळीवर ठेवून उजव्या हाताने लिहायचे. सुतळीवर उजेड पडत नाही, म्हणून चित्रात ती येत नाही. गेल्या काही वर्षांत मी या विषयावर पुष्कळ वाचले आहे, पण ही युक्ती मला कुठे आढळली नाही.

त्या वाचनातले एक नाव इथे सांगायला हवे. या प्रकाराचा उल्लेख निघाला की लोकांना पिकासो आठवतो. १९४९ साली दक्षिण फ्रान्समधल्या व्हालोरिस गावी ग्योन मिली या छायाचित्रकाराने त्याच्या हातात छोटा दिवा दिला आणि पिकासोने हवेत नराश्व काढला. ते चित्र सुंदर आहेच. पण या वाटेची सुरुवात चित्रकारांनी केलेली नाही. १८८९ साली पॅरिसमध्ये एतियेन-ज्यूल मारे आणि जॉर्ज दमनी यांनी माणसाच्या सांध्यांना विजेचे दिवे बांधून त्याच्या चालण्याच्या रेघा टिपल्या, आणि त्या चित्राचे नाव आहे 'विकृत चाल, समोरून'. पुढे अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने कामगारांच्या बोटांना दिवे बांधले. ठरावीक गतीने लुकलुकणारा दिवा वापरला की रेघेचे तुकडे पडतात, आणि ते मोजून कोणत्या हालचालीला किती वेळ लागला हे काढता येते. म्हणजे ही कला जन्मली ती आजार आणि श्रम मोजण्यासाठी.

हे सगळे मला ठाऊक होते, म्हणूनच पहिले चित्र पडद्यावर मोठे करून पाहताना मी अस्वस्थ झालो. ३० सेकंदांत अण्णांचे 'आज रो' एवढेच झाले होते. माझी समजूत अशी होती की रेघा थरथरलेल्या असतील. तशा त्या नव्हत्या. 'आ'चा काना ओळंब्यात होता, 'ज'चे वळण भरदार होते. थरथर होती ती अक्षरांच्या आरंभी, हात क्षणभर थांबून पुढच्या रेघेची वाट पाहत होता तिथे. प्रत्येक रेघेच्या उगमाशी प्रकाशाची एक गिचमिड गाठ होती आणि त्या गाठीतून रेघ स्वच्छ निघाली होती. या आजारात कंप विसाव्याला अधिक आणि हालचालीत कमी असतो, हे डॉक्टरांनी सांगितले होते; मी ते ऐकून घेतले होते, इतकेच.

माझी विजेरी स्वस्तातली. मंद केली की ती लुकलुकते, त्यामुळे रेघ तुटक तुटक उमटते. एका गाठीतले ठिपके मी मोजू लागलो. सेकंदाला चार ते सहा वेळा हात हलतो असे पुस्तकात असते, ते पडताळता येईल, असा काहीसा विचार होता.

"काय मोजतोयस?" अण्णांनी विचारले.

"काही नाही," मी म्हणालो, आणि चित्र पुन्हा लहान केले. हे उत्तर खोटे होते आणि ते त्यांना कळले असणार.

पुढच्या वेळी शटर हवे तितके उघडे ठेवण्याची सोय केली. तिला अजूनही 'बल्ब' म्हणतात. जुन्या कॅमेऱ्यांचे शटर रबरी फुगा दाबून चालवत, त्यावरून. दोन रेघांमध्ये विजेरीचे बटण दाबणे अण्णांना जमेना, म्हणून ते अंगठ्याने काच झाकीत. अंधारात मला त्यांचा श्वास आणि सुतळीवरून सरकणारे बोट एवढेच ऐकू येत होते. साडेतीन मिनिटे लागली. पूर्ण मजकूर उमटला: आज रोख उद्या उधार. गावातल्या निम्म्या किराणा दुकानांत हे त्यांनीच रंगवले होते.

'आ' हातभर उंच होता. शेवटचा 'र' वितीएवढा. कंपवातात कागदावरचे अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत जाते, तसेच हवेतही झाले होते. शिरोरेखा मात्र कपाटाच्या कडीपर्यंत सरळ गेली होती. वरची रेघ आडवी आणि खालची चढत चढत तिला भेटायला निघालेली, असा त्या ओळीचा आकार झाला होता.

अण्णांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिले. गाठींबद्दल ते काही बोलले नाहीत. पाटी उतरवून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर बोलत तशा कोरड्या आवाजात म्हणाले, "'ध' चुकला. 'ध'वर रेघ तोडायची असते. सुतळीच्या नादात सलग ओढली. 'उघार' झालंय ते."

खरेच तसे झाले होते. मला ते दिसलेच नव्हते.

"फिरवून घेऊ पुन्हा?"

"आज नको. दमलो." ते उठले, सुतळीचे टोक चाचपून पाहिले आणि म्हणाले, "ही सोडू नकोस. आणि उद्या खाली आणखी एक बांध."

आईने सकाळी तिच्यावर टॉवेल वाळत घातला होता.