न सांगता कळलेले

नारायण पेठेत आमचे जाणे महिन्यातून एकदा. केसरीवाड्यापासून थोड्या अंतरावर, एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर एक वृद्धा अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना ख्रिस्तप्रसाद द्यावयास आम्ही जातो. गतवर्षी असेच जिना उतरत असता, त्याच वाड्यात भाड्याने राहणाऱ्या एका तरुणीने आम्हांला चौकात थांबवले. "फादर, पाच मिनिटे आहेत?" पाच मिनिटांचा तास झाला. (तिने सांगितले ते पापनिवेदनातले नव्हे, तसे असते तर हा लेख जन्मालाच आला नसता. तिच्या संमतीने व ओळख पटेल असा तपशील गाळून आम्ही लिहीत आहोत.)

एका तरुणाशी तिचा सहा-सात महिन्यांचा परिचय. परिचय हा आमच्या पिढीचा शब्द. प्रेम म्हणावयास हरकत नाही. तो शहरातील एका मोठ्या रुग्णालयात नोकरीस. तिला लहानपणापासून अपस्मार. गोळ्या चालू असल्याने कित्येक वर्षांत फिट आलेली नाही. उपचार त्याच रुग्णालयात. योग्य वेळी आपण होऊन सांगायचे, असे तिने मनाशी ठरवले होते. एके संध्याकाळी चहा पिताना तो सहज म्हणाला, "जागरणे करतेस, पण गोळ्या वेळेवर घेतेस ना?" गोळ्यांविषयी तिने त्याला कधी एक अक्षरही सांगितले नव्हते.

संगणकावर तिचे नाव घालून त्याने तिची फाईल उघडली होती. काळजीपोटी पाहिले, असे तो म्हणाला, आणि ते खोटे असेल असे तिलाही वाटत नव्हते. तिचे दुःख निराळेच होते. "फादर, मी सांगणारच होते. आता माझ्याजवळ सांगायला काही उरलेच नाही."

अपस्मार हा शब्द आपल्याकडे अजून दबक्या आवाजात उच्चारला जातो. हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा या दोहोंत अपस्माराचे झटके विवाहास बाध आणणाऱ्या गोष्टींत मोडत असत. ते शब्द १९९९ साली वगळण्यात आले. कायद्याने वगळले, स्थळे पाहणाऱ्यांनी नाही.

विवाह आणि रुग्णाचे गुपित यांची गाठ सर्वोच्च न्यायालयातही एकदा पडली होती. एका गृहस्थांनी रक्तदान केले. तपासणीत एचआयव्हीची लागण आढळली. रुग्णालयाकडून ती गोष्ट बाहेर गेली आणि १९९५ साली ठरलेले त्यांचे लग्न मोडले. १९९८ च्या निकालात न्यायालयाने त्यांची भरपाईची मागणी अमान्य केली. वधूच्या जिवाला धोका होता, तेव्हा गुपित तिच्या आड येऊ शकत नाही, असे म्हटले. त्याच निकालातील, अशा रुग्णाच्या विवाहाच्या हक्काविषयीची विधाने २००२ साली अनावश्यक ठरवण्यात आली. पुढे २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने अशा प्रसंगी डॉक्टरांनी पाळावयाच्या पायऱ्या घालून दिल्या: आधी रुग्णाचीच समजूत घालावी, तो सांगणार नाही अशी खात्री पटली तर आपण सांगणार असल्याचे त्याला कळवावे, मगच जोडीदाराशी बोलावे. त्या खटल्यातील रुग्ण निकालपत्रात केवळ 'एक्स' आहे. आमच्या या तरुणाच्या जिवाला मात्र कसलाच धोका नव्हता. अपस्मार संसर्गाने होत नाही.

आम्ही तिला दुसरी बाजूही सांगितली. विवाहसंबंधास गंभीर बाध आणील अशी गोष्ट फसवणुकीने लपवून, संमती मिळवण्यासाठी कपट केले, तर तो विवाह मुळातच अवैध ठरतो, असे आमच्या धर्मसंहितेचे कलम १०९८ सांगते. ती मान हलवून म्हणाली, "लपवायचे नव्हतेच. फक्त मला सांगायचे होते."

घरी परतताना सेमिनरीत शिकलेले कलम ९८४ आठवत राहिले. पापनिवेदनाची गुप्तता राखणे ही झाली पहिली गोष्ट. त्यात कळलेल्या गोष्टीचा, ती उघड होण्याचा धोका नसला तरीही, निवेदकाला अपाय होईल असा वापर करण्यास धर्मगुरूला पूर्ण मनाई आहे. त्या वेळी हे आम्हांला वकिली काटेकोरपणाचे वाटले होते. तसे ते नाही, हे आम्ही एका चुकीतून शिकलो.

पंचवीसएक वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात, वराकडचे एक वडीलधारे गृहस्थ आमच्याकडे आले. "फादर, त्या घरात काही दुखणे वगैरे?" मुलीच्या थोरल्या भावाच्या मनोविकाराची माहिती त्यांच्या घरी रुग्णाला भेटावयास गेलो असता आम्हांला झाली होती. आम्ही "तसे विशेष काही नाही" म्हणालो. पण म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबलो. गृहस्थांनी तो क्षण बरोबर घेऊन घर गाठले. सोयरीक जुळली नाही. आम्ही काहीच सांगितले नव्हते, असे पुष्कळ दिवस स्वतःला बजावत होतो. त्या मुलीच्या आईने पुढे आमच्याशी बोलणे ठेवले, पण घरी कधी बोलावले नाही.

म्हणून त्या तरुणावर रागावण्याचा अधिकार आम्हांला फारसा नव्हता. तो भेटावयास आला तेव्हा खाली मान घालून बसला. रुग्णालयाकडे तक्रार करण्यास तिने नकार दिला होता. त्याची नोकरी जावी, अशी तिची इच्छा नव्हती. त्याऐवजी तिने स्वतःच्या कागदपत्रांच्या प्रती मागितल्या. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यास त्या ७२ तासांत द्याव्या लागतात. तिला तिसऱ्या दिवशी मिळाल्या.

आपली फाईल तिने आयुष्यात प्रथमच वाचली. पहिल्या पानावर आईने डॉक्टरांना सांगितलेली हकीकत होती: मुलीच्या धाकट्या मामालाही हाच विकार होता. घरात ही गोष्ट तिला कोणीच सांगितलेली नव्हती. त्या तरुणाला मात्र ती चार महिन्यांपासून ठाऊक होती.

लग्नाचे अजून ठरलेले नाही. दोघे भेटतात, एवढे आम्हांला माहीत आहे. अधिक आम्ही विचारलेले नाही.