सिरियस बोईसरला उतरतो तेव्हा

आवडत्या गोष्टीच्या शेवटावर रागावणारी माणसं मला फार जवळची वाटतात. पुस्तक मिटून ती झोपत नाहीत. हा असा कसा मेला, तिनं त्याला एकदा तरी का विचारलं नाही, असं स्वतःशीच भांडत राहतात. १८९३ मध्ये कॉनन डॉइलनं शेरलॉक होम्सला धबधब्यात संपवलं, तेव्हा वाचक संतापले. दहा वर्षांनी होम्स परत आला.

माझी भाची तारापूर एमआयडीसीजवळच्या कामगार वस्तीत वाढली. पालघरच्या कॉलेजात जाताना ती लोकलमध्ये हॅरी पॉटर वाचायची. उमरोळी स्टेशन गेलं तरी मान वर नाही. पाचव्या पुस्तकात हॅरीचा धर्मपिता सिरियस ब्लॅक मृत्यूच्या पडद्याआड कोसळला आणि दोन दिवस पोरगी धड जेवली नाही. मग केमिस्ट्रीच्या वहीच्या मागच्या पानांवर तिनं त्याला जिवंत केलं. काळ्या कुत्र्याच्या रूपात तो बोईसरच्या फलाटावर उतरतो. कारखान्यांची पाळी सुटलेली, तोबा गर्दी, हवेत केमिकलचा उग्र दर्प. त्या दर्पामुळेच मागावर आलेल्यांना त्याचा माग लागत नाही. ज्या वासाला आम्ही जन्मभर नावं ठेवली, त्या वासानं तिच्या कथेत एक जीव वाचवला!

ती वही ती लपवून ठेवायची. माणसं दुसऱ्या बाईनं घडवलेली, म्हणजे ही चोरीच, असं तिला वाटे. मग रोजच्या डब्यातल्या एका मैत्रिणीनं, बीटीएस या कोरियन बँडच्या चाहतीनं, तिला वॉटपॅड हे कथा लिहिण्या-वाचण्याचं अ‍ॅप दाखवलं. तिथं सिरियसला वाचवणाऱ्या कथांचा नुसता खच. ‘मावशी, मला वाटायचं मी एकटीच आहे गं,’ ती म्हणाली, तेव्हा तिचा आवाज कापत होता. फॅनडम, म्हणजे चाहत्यांचं हे जग, बहुतेकांना असंच सापडतं, कुणा मैत्रिणीच्या हातून. चाहत्यांनी स्वतः उभारलेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या कथासंग्रहाला २०१९ मध्ये विज्ञानकथेच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, हेही तिनंच मला सांगितलं.

आणि ही चोरी असेल, तर जात्यावर बसणाऱ्या आपल्या बायांना काय म्हणायचं? हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत कैकेयी सीतेला सासुरवास करते. रानात सीता रडते तेव्हा बोरी-बाभळी तिची समजूत घालतात. वाल्मीकींच्या रामायणात हे नाही. ज्या बाईनं स्वतः सासुरवास भोगला, तिला सीतेचं दुःख वाल्मीकींहून जवळून ठाऊक होतं, म्हणून तिनं ते आपल्या पदरचं घालून गायलं. आमच्याच जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याकडं, बोहाड्याच्या रात्री गावातली माणसं मुखवटे चढवून देव-दानव होतात, मशालींच्या उजेडात नाचतात. दिवसा शेतात राबणारा माणूस त्या रात्री रावण असतो आणि गाव त्याला रावण म्हणूनच पाहतं. कथेवर जीव जडला की माणसं तिच्यात राहायलाच जातात.

भाचीनं आता ती कथा मराठीतच फोनवर टाकायला घेतली आहे. सिरियस सध्या चिंचणीच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांत लपलाय, आणि हॅरीला निरोप कसा धाडायचा इथं घोडं अडलंय. मी सुचवलं, डहाणू लोकलच्या गार्डाला विश्वासात घे. तिनं क्षणभरही विचार केला नाही.

‘नाही मावशी. तो असा कुणावर पटकन विश्वास टाकणार नाही.’