चाळीशेजारची पद्मिनी

लासलगावात कुठल्याही खर्चाचा विषय कांद्यापाशीच येऊन थांबतो. लग्न असो, बोअर असो की घरावरचा स्लॅब, मोंढ्यात काय भाव निघाला ते आधी बघायचं. आमच्या प्रीमियर पद्मिनीचंही तेच. कांदाचाळीला लागून काढलेल्या पत्र्याखाली ती उभी असते. उन्हाळ कांद्याची चाळ फोडली की घरचं भागवून उरतील ते चार पैसे तिच्या वाट्याला येतात.

पद्मिनी मूळची कुर्ल्याची, प्रीमियरच्या कारखान्यातली. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून आलेली ही गाडी पुढे १९७४ पासून पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगपाशी हाताचा गियर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. कारखाना बंद होऊन किती वर्षं झाली, तरी तिचे जुने पार्ट हुडकायला माणसं अजून कुर्ल्याच्याच सीएसटी रोडला जातात. माहेरचा आधार असा सुटत नाही.

हात आखडता असला की रंगाचा मोह आधी होतो, कारण रंग चारचौघांत दिसतो. आमचे मिस्त्रीकाका मात्र ठाम. "भाऊ, आधी थांबली पाहिजे, मग मिरवा." म्हणून पहिला पैसा ब्रेकच्या व्हील सिलिंडरला गेला. मग रबरी मॅटखालचा सडलेला पत्रा कापून नवा जोडला, त्यावर रेड ऑक्साइड मारलं. सडक्या पत्र्यावर लांबी भरून वर चकचकीत रंग देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तो गाडीशी केलेला खोटेपणा आहे.

सगळ्यात जास्त सुख दिलं ते दिव्यांनी. हंगामात पहाटे विंचूर रस्त्यावर कांद्यानं भरलेले ट्रॅक्टर सावकाश चाललेले असतात, कित्येकांच्या ट्रॉलीला मागे लाल दिवासुद्धा नसतो. पद्मिनीचा उजेड मात्र पिवळा, मरगळलेला. बल्बची काही चूक नव्हती. दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डच्या जुन्या स्विचमधून आणि बारीक, लांबलचक वायरींतून फिरून यायचा, वाटेतच दम तुटायचा. काकांनी दोन रिले बसवले, बॅटरीपासून जाड वायर फ्यूजमधून थेट दिव्यांपर्यंत आणली. स्विचचं काम आता फक्त रिलेला इशारा देण्याचं. काही शे रुपयांत रस्ता उजळला. पुढच्या ट्रॉलीवरची गोणी न् गोणी दिसायला लागली, तेव्हा मी कितीतरी वेळ बोललोच नाही.

रंगाचं ठरलं होतं, पण ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, भाव कोसळले आणि रंग राहिला. त्याच्या सव्वा महिना आधी, ३० ऑक्टोबरला, मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली होती. ती बातमी वाचल्यापासून दारची पद्मिनी चालती ठेवायची ओढ आणखी वाढली. दारावरचा मूळ रंग उडालाय, बोट फिरवलं की खाली जुना प्रायमर लागतो. मला तो आता खुपत नाही.

तुमच्याही वाड्यात ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी असेल, तर भंगारात घालण्याआधी एखाद्या जुन्या मिस्त्रीला बोलवा. पॉइंटची फट नजरेनं जोखणारे, कार्ब्युरेटर कानानं लावणारे हात अजून आहेत. पण ते सगळे आता साठीच्या पुढचे आहेत.