पुसलेली पाटी

तीस वर्षें दुसऱ्यांना शिकविण्याचा धंदा केल्यावर मनुष्याची स्वतः शिकण्याची शक्ति कितपत उरते, याची परीक्षा सहसा कोणी घेत नाहीं, हें आम्हां प्राध्यापकांचें भाग्यच म्हणावयाचें. माझी ती परीक्षा मागल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत, अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत, गेल्सबर्ग या गांवीं, माझ्या वडील बंधूंच्या स्वयंपाकघरांतील टेबलावर झाली. आणि तींत मी सपशेल नापास झालों.

परीक्षेचा विषय होता रेडिओ स्कॅनर. हें यंत्र आपल्याकडे फारसें कोणाच्या पाहण्यांत नसतें. कारण १९३३ च्या कायद्यापासून आपल्या देशांत बिनतारी यंत्र बाळगावयाचें तर सरकारी परवाना लागत आला आहे. माझ्या लहानपणीं तर घरांतल्या साध्या रेडिओचाहि परवाना पोस्टांत जाऊन नवा करून घ्यावा लागे. अमेरिकेंत मात्र स्कॅनर दुकानांत मिळतो. साधा रेडिओ पतिव्रतेप्रमाणें एका वेळीं एकाच केंद्राशीं निष्ठा ठेवतो. स्कॅनर हा माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्यासारखा आहे. तो एका दारापुढें क्षणभर उभा राहतो. आंत कोणी बोलत असेल तर थांबतो, नसेल तर पुढच्या दाराकडे वळतो. मात्र कोणकोणत्या दारीं जावयाचें, हें त्याला आधीं सांगून ठेवावें लागतें. पूर्वीं प्रत्येक लहरीसाठीं निराळा स्फटिक विकत घेऊन यंत्रांत बसवावा लागे. आतां संगणकावर यादी तयार करावयाची आणि ती तारेवाटें यंत्रांत उतरवावयाची. दादांच्या ‘बेअरकॅट’मध्यें अशीं पांचशें घरें होतीं, पन्नास-पन्नास घरांच्या दहा आळ्या. प्रत्येक घराला एक लहरीचा आंकडा, आणि दारावर पाटी लावावयाची तर सोळा अक्षरांची मुभा.

दादा १९८४ सालीं तिकडे गेले. ते माझ्याहून बारा वर्षांनीं मोठे, धंद्यानें इंजिनियर, आतां निवृत्त. वहिनींना जाऊन तीन वर्षें झालीं, मुलगा कॅलिफोर्नियांत. आमच्या घरांत दादांची एक ठरीव मूर्ति होती. पैशासाठीं देश सोडलेला, हिशोबी, यंत्रांत रमणारा आणि पत्राऐवजीं चेक पाठविणारा मनुष्य, अशी ती मूर्ति. ती घडविण्यांत माझा वांटा लहान नव्हता. त्यामुळें त्यांच्या उशाशीं रात्रभर कुरकुरणारें तें यंत्र पाहून मीं मनांत म्हटलें, इंजिनियराचा आणखी एक नाद!

हल्लीं दादांचे हात कांपतात. यंत्रावरच्या बारीक कळा दाबून अक्षर अक्षर जमविणें त्यांना जमेनासें झालें होतें. कागदावर पांच नवे आंकडे लिहून त्यांनीं मला दिले व म्हणाले, “एवढे घालून दे. संगणकावर सॉफ्टवेअर आहे. तूं तर प्राध्यापक!” या शेवटल्या दोन शब्दांनीं माझा घात केला. माहितीपुस्तक उघडण्याची मला गरज वाटली नाहीं.

तार जोडली, सॉफ्टवेअर उघडलें. पडद्यावर पांचशें ओळींचा कोरा तक्ता आला. वर दोन आज्ञा होत्या. एक ‘स्कॅनरमधून वाचा’ आणि दुसरी ‘स्कॅनरमध्यें लिहा’. मला लिहावयाचें होतें. मीं पहिल्या पांच ओळींत पांच आंकडे भरले, पुनः एकदां तपासले आणि ऐटीनें ‘लिहा’ या आज्ञेवर बोट ठेवलें. पडद्यावर एक निळी पट्टी सरकत सरकत टोंकास पोंचली. यंत्रानें माझी आज्ञा अक्षरशः पाळली होती. पांच ओळी लिहिल्या आणि उरलेल्या चारशें पंचाण्णव कोऱ्या ओळीहि तितक्याच इमानानें लिहिल्या. बारा वर्षें दादांनीं जमविलेली यादी एका मिनिटांत पुसली गेली होती. तिची दुसरी प्रत कोठेंहि नव्हती.

दादांनीं यंत्र कानाशीं धरलें, हलविलें, खालीं ठेवलें. “आधीं वाचायचें होतें रे,” एवढेंच ते म्हणाले.

विद्यार्थ्यांच्या निबंधांच्या समासांत मीं तांबड्या शाईनें हजारों वेळां लिहिलें आहे कीं, आधीं मूळ पुस्तक वाचा, मग त्याच्यावर लिहा. तें वाक्य त्या क्षणीं मला जसें झोंबलें, तसें तें माझ्या कोणत्याहि विद्यार्थ्याला झोंबलें नसेल.

हवामान-खात्याचीं सात केंद्रें, १६२.४०० पासून १६२.५५० पर्यंतचीं, कारखान्यांतच यंत्रांत कोरलेलीं असतात, तेवढीं वांचलीं. बाकी यंत्र मुकें झालें. त्या रात्रीं घर इतकें शांत होतें कीं, दादांच्या खोलींतील येरझारा मला भिंतीपलीकडून मोजतां येत होत्या.

सकाळीं चहाचा पेला पुढें ठेवून ते म्हणाले, “घे, लिही.” आणि त्यांनीं स्मरणांतून आंकडे सांगावयास आरंभ केला. तीन संध्याकाळीं आमचा हा वर्ग चालला. वर्गांत विद्यार्थी मी होतों. विमानांचें बोलणें ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांत चालतें आणि तेथें ‘एएम’ ही पद्धत निवडावी लागते, नाहीं तर शब्द ओळखूं येत नाहींत. संकटांतल्या वैमानिकासाठीं १२१.५ ही लहर सर्व जगभर राखलेली आहे. १ जानेवारी २०१३ पासून तिकडील पोलिस, अग्निशामक वगैरे बहुतेक खात्यांना आपल्या लहरींची रुंदी निम्म्यावर आणावी लागली, म्हणून जुन्या रुंदीवर ठेवलेला स्कॅनर त्यांचा आवाज क्षीण करून ऐकवितो. हें सारें मीं शाळकरी पोराप्रमाणें वहींत उतरवून घेतलें. अनेक शहरांतल्या पोलिसांनीं आतां आपलें बोलणें सांकेतिक करून बाहेरच्यांना बंद केलें आहे; डेन्व्हरच्या पोलिसांनीं तें २०१९ सालीं केलें. याचें दादांना दुःख नव्हतें. “मला कुठें चोर पकडायचे होते?” ते म्हणाले.

मग आगगाड्यांचे आंकडे आले. तिकडे रेल्वेचें बोलणें १६०.२१५ ते १६१.५६५ या पट्ट्यांत चालतें. पहिला आंकडा भरून मीं विचारलें, “नांव काय घालूं?”

“मनमाड.”

मीं मान वर केली. आमचे वडील मनमाडला रेल्वेंत होते. रेल्वेच्या चाळींतल्या खोलींत आम्ही भावंडें ओळीनें निजत असूं आणि रात्रभर यार्डांत डबे एकमेकांना धडकत. मला त्या आवाजाचा कंटाळा येई. शिकून त्या गांवांतून सुटावयाचें, हें माझें ध्येय होतें. दादा म्हणाले, “इकडे आलों तेव्हां वर्षभर मला झोंप नव्हती. शांतता सोसवेना. नोकरी बदलायची वेळ आली, तेव्हां रूळ पाहून गांव निवडलें.” गेल्सबर्ग हें खरोखरच रुळांचें गांव आहे. शिकागोहून पश्चिमेकडे जाणारा हमरस्ता येथून जातो आणि येथें मालगाड्या जुळविण्याचें मोठें यार्ड आहे. कवि कार्ल सँडबर्ग १८७८ सालीं याच गांवीं जन्मला आणि त्याचा बाप रेल्वेच्या लोहारखात्यांत मजूर होता, हें मीं अनेकदां वर्गांत सांगितलें आहे. परक्या कवीच्या बापाची रेल्वे मला पाठ होती. आपल्या बापाची रेल्वे उशाशीं घेऊन निजणारा भाऊ मात्र मला ठाऊक नव्हता.

दुसऱ्या एका लहरीला त्यांनीं ‘रखवालदार’ असें नांव दिलें. तिकडे रुळाच्या कडेला ठराविक अंतरावर यंत्रें बसविलेलीं असतात. गाडी वरून गेली कीं तीं तिच्या आंसांची उष्णता पाहतात, खालीं कांहीं लोंबत तर नाहीं तें पाहतात, आणि मग बिनतारीवरून ठोकळेबाज आवाजांत चालकाला कळवितात कीं, दोष नाहीं, आंस इतके. “रात्रीं दोन वाजतां कोणी तरी म्हणतें, दोष नाहीं. मग मी कूस बदलून निजतों,” दादा म्हणाले.

शेवटच्या संध्याकाळीं त्यांनीं १५५.३४० हा आंकडा सांगितला. रुग्णवाहिका आणि रुग्णालय यांच्या बोलण्यासाठीं राखलेली ही लहर.

“नांव?”

ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. “नांव नको,” ते म्हणाले, “आणि कुलूप घाल.” कुलूप घातलें कीं तें घर यादींत राहतें, पण यंत्र त्याच्या दारावरून न थांबतां पुढें जातें. वहिनींना नेलें त्या रात्रीविषयीं आम्ही तीन वर्षांत कधीं बोललों नव्हतों. त्या दिवशींहि बोललों नाहीं. मीं कुलूप घातलें.

सगळे आंकडे भरून झाल्यावर मीं यादीच्या दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणीं जतन केल्या, प्रत्येक ओळ दादांना वाचून दाखविली आणि मगच ‘लिहा’ या आज्ञेवर बोट ठेवलें. या वेळीं बोट थोडें कांपलें. निळी पट्टी टोंकाला गेली, आणि थोड्याच वेळांत यार्डांतला कोणी तरी माणूस कोणत्या तरी डब्याविषयीं कोणाशीं तरी बोलूं लागला. दादा हंसले. त्या रात्रीं केव्हां तरी मला जाग आली, तेव्हां भिंतीपलीकडे तो ठोकळेबाज आवाज आंस मोजीत होता. येरझारांचा आवाज नव्हता.

जुनी यादी पुरती परत आली असें मात्र नाहीं. चाळीसएक घरें अजून रिकामीं आहेत. तेथें काय होतें, तें दादांनाहि त्या वेळीं सांगतां आलें नाहीं. आतां दर रविवारीं आमचें फोनवर बोलणें होतें, आणि मधूनच त्यांना एखादा आंकडा आठवतो. मी वही जवळ घेऊनच बसतों. आंकडा टिपून घेतों, आणि मग त्याचें नांव काय म्हणून विचारतों.