कडेला ठेवलेल्या वस्तूचा मालक

घराबाहेर ठेवलेला कचरा कोणाचा, यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये खल केला होता. कॅलिफोर्निया विरुद्ध ग्रीनवुड हा तो खटला. पोलिसांनी कचरा नेणाऱ्याकडून एका घरच्या पिशव्या मागून घेतल्या, त्यांत अमली पदार्थांचा माग लागला, आणि आपल्या खासगीपणावर घाला आला असं घरमालकाचं म्हणणं होतं. न्यायालयाला ते पटलं नाही. रस्त्याकडेच्या पिशवीत जनावरं, मुलं, कचरा वेचणारे, भोचक लोक असं कोणीही हात घालू शकतं, मग पोलिसांनीच काय घोडं मारलं, असा एकूण सूर. दोन वर्षांनी, हेम्पले खटल्यात, न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं मात्र आपल्या राज्यघटनेचा आधार घेऊन उलटा निकाल दिला. इथल्या माणसाचा कचरादेखील खासगी, वॉरंट नसेल तर पोलिसांनी तो उघडायचा नाही.

तेव्हा न्यू जर्सीतल्या आमच्या पार्सिपनीत माझ्या काळ्या पिशवीला घटनात्मक संरक्षण आहे. खरं तर आमच्या पिशवीत चहाचा चोथा आणि कोथिंबिरीच्या काड्या यापलीकडे लपवण्यासारखं काही नसतं. पण ग्रीनवुडच्या निकालातली ती यादी माझ्या डोक्यात रुतून बसली आहे. जनावरं आणि भोचक लोकांच्या रांगेत कचरा वेचणारा. न्यायालयाच्या तोंडी त्याचं नाव आलं, तेही पोलिसांची वाट मोकळी करण्यापुरतं.

आमच्याकडे तो पिकअप ट्रकमधून येतो. लेक हायवाथाच्या बाजूला, जुन्या लहान घरांच्या गल्ल्यांत, अवजड सामान उचलायच्या आदल्या संध्याकाळी. ट्रकच्या हौद्याला प्लायवूडच्या फळ्या ठोकून उंची वाढवलेली असते. वॉशिंग मशीन, गंजलेला बार्बेक्यू, खिडकीतला एसी, पलंगाचा सांगाडा, मुलांच्या सायकली. एसी दिसला की त्याचा वेग वाढतो, कारण त्यात तांबं असतं. टीव्हीकडे तो ढुंकूनही बघत नाही. उजेड असेपर्यंत दोन-चार गल्ल्या उरकायच्या असतात त्याला. दुसऱ्या दिवशी टाऊनशिपची गाडी येते तेव्हा तिच्या वाट्याला गाद्या आणि सोफे उरतात.

हे कायद्यात बसतं का? न्यू जर्सीतल्या अनेक गावांचे नियम सांगतात की पुनर्वापराच्या वस्तू कडेला ठेवल्या की त्या गावाच्या झाल्या, परवान्याशिवाय दुसऱ्यानं उचलल्या तर दंड. कचरा पोलिसांपुढे माझा, भंगारवाल्यापुढे गावाचा. भंगारवाल्याचा तो केव्हाच नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी त्या ट्रकचा फोटो टाकला. 'संशयास्पद वाहन, काळजी घ्या.' खाली भराभर सल्ले आले. पोलिसांना कळवा, कॅमेरा बसवा, गॅरेज उघडं ठेवू नका. हे लिहिणाऱ्या प्रत्येकानं लहानपणी सुट्टीच्या दुपारी रद्दीवाल्याच्या तराजूवर डोळा ठेवायची ड्यूटी केलेली असणार. शेवटी कोणाच्या तरी सासूबाईंचा, सहा महिन्यांसाठी इथं आलेल्या काकूंचा, निरोप सुनेनं टाकला: 'आई म्हणतात, भंगारवाला आहे तो. फोटो काय काढताय, भाव विचारा.'

बाटल्या-डबे वेचणारी माणसं मात्र पार्सिपनीत दिसत नाहीत. त्याचं कारण स्वच्छतेत नाही, कायद्यात आहे. हडसनपलीकडे न्यूयॉर्क राज्यात १९८३ पासून सोड्याच्या आणि बिअरच्या प्रत्येक बाटलीवर, डब्यावर पाच सेंट अनामत घेतात; रिकामी परत दिली की पैसे परत. श्रीमंत गिऱ्हाईक ते पाच सेंट सोडून देतं आणि त्या सोडलेल्या पैशांवर हजारो लोकांची चूल चालते. त्यांत वयस्क चिनी बायका आहेत, लॅटिन अमेरिकेतून आलेली माणसं आहेत, पेन्शन न पुरणारे म्हातारे आहेत. ब्रुकलिनमध्ये 'शुअर वी कॅन' नावाचं केंद्र आहे, अशाच लोकांनी २००७ मध्ये उभं केलेलं. तिथं ही माणसं सांडलेली बिअर आंबल्याच्या वासात उभी राहून रंगानुसार, कंपनीनुसार बाटल्या लावतात. न्यू जर्सीत अनामत नाही, म्हणून डबा म्हणजे नुसतं ॲल्युमिनियम, आणि त्यासाठी वाकणं परवडत नाही. कोण गरीब कुठं दिसणार, हेदेखील विधिमंडळ ठरवतं.

आमच्या राज्याचा कायदा वेगळ्या वाटेनं गेला. १९८७ च्या वसंतात लाँग आयलंडचा तीन हजार टनांहून जास्त कचरा घेऊन 'मोब्रो' नावाचा तराफा निघाला. एकामागून एक राज्यांनी आणि देशांनी त्याला हाकललं. तो बेलीझपर्यंत जाऊन परत आला आणि अखेर ब्रुकलिनमध्येच ती सगळी घाण जाळावी लागली. त्याच वसंतात न्यू जर्सीनं घरोघरी वर्गीकरण सक्तीचं केलं. राज्यभर अशी सक्ती करणाऱ्या देशातल्या पहिल्या राज्यांपैकी हे एक. वेचण्याचं काम नाहीसं झालं नाही, ते वाटलं गेलं. एक हिस्सा मी फुकटात करते, बरण्या विसळून. दुसरा हिस्सा वर्गीकरण केंद्रात, पळत्या पट्ट्याशी उभे असलेले मजूर करतात. चुंबक आणि प्रकाशकिरणांची यंत्रं असली तरी पट्ट्यात अडकलेली पिशवी आणि बागेचा पाइप हातानंच ओढून काढावा लागतो. तिसरा हिस्सा फार लांब जातो. चीननं २०१८ मध्ये बाहेरच्या कचऱ्याला दारं लावल्यावर अमेरिकेची रद्दी मोठ्या प्रमाणावर भारतात वळली. २०२२ च्या अखेरीस ब्लूमबर्गच्या वार्ताहरांना उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगरच्या कागद गिरण्यांभोवती अमेरिकेतल्या ऑनलाइन दुकानांची प्लॅस्टिकची पाकिटं आढळली. ती कागदाच्या गठ्ठ्यांत लपून आली होती. निवडणारी माणसं मुझफ्फरनगरची आणि ते प्लॅस्टिक जाळल्याचा धूर पण त्यांच्याच नाकात. अमेरिकन घराचा कचरावेचक असा दहा हजारांहून जास्त किलोमीटरवर बसलेला असू शकतो.

कचऱ्याच्या मालकीला सरळ हात घातला तो पुण्यातल्या कचरा वेचणाऱ्या बायकांनी. बहुतेक दलित, कित्येकींची कुटुंबं १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. एसएनडीटी विद्यापीठातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांच्या मदतीनं काहीजणींना घरांतून थेट सुका माल मिळू लागला. हातात कुजकं यायचं थांबलं आणि कमाई वाढली. तेवढ्यात एका व्यावसायिकानं त्याच घरांसाठी गाडी लावायचं ठरवलं. बायका आडव्या आल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: कचऱ्याला कोणी हात लावत नव्हतं तेव्हा आम्ही लावला, आता त्यात पैसा दिसला म्हणून तुमचं कसं? १९९३ मध्ये कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली मेळावा झाला आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. १९९६ च्या सुमारास महापालिकेची मोहोर असलेली ओळखपत्रं मिळाली. २००८ मध्ये 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेशी महापालिकेनं करार केला: घरोघरचा कचरा त्या गोळा करणार, घरटी शुल्क घेणार, आणि विकता येईल तो माल त्यांचाच. हे शेवटचं कलम मला सगळ्यांत मोठं वाटतं. अमेरिकेच्या दोन न्यायालयांनी वेचणाऱ्याला जे दिलं नाही, ते एका करारातल्या ओळीनं दिलं. कराराच्या मुदतवाढीसाठी त्यांना दर वेळी झगडावं लागतं, ठेकेदार टपलेलेच असतात, तो भाग निराळा.

टाऊनशिपच्या सभेत नागरिकांना बोलायला काही मिनिटं मिळतात. तिथं पुण्याचा दाखला द्यावा, ट्रकवाल्यांची नावं नोंदवून त्यांना परवाना द्यावा असं सुचवावं, म्हणून मी चार ओळी लिहून काढल्या. मैत्रिणीला वाचून दाखवल्या तर ती म्हणाली, "पुण्यातल्या बाईला पोलीस चोर म्हणत होते, म्हणून तिला कार्ड हवं होतं. या माणसाकडे मुळात इथं राहायचे कागद नसतील तर? तू त्याचं नाव सरकारी यादीत घालणार?" मी नोंदणीचा मुद्दा खोडला. मग परवाना नको, दंडाचं कलम तेवढं काढा, असं लिहिलं. सध्या तेवढंच लिहून झालं आहे.