डाव्या बाजूचा हात

सप्टेंबर महिना आला की आम्हां वसईकरांची पावले वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेकडे वळतात. त्याच महिन्यात इंग्लंडच्या दक्षिणेस मोटारींच्या जुन्या सुट्या भागांची जत्रा भरते आणि देशोदेशींची माणसे मुलाबाळांसह तिला जातात, हे कोणी सांगितले असते तर आम्ही हसण्यावारी नेले असते. परंतु २०१९ साली आम्ही चौघे मित्र खरोखरच तेथे एक दिवस घालवून आलो. गावाचे नाव ब्यूली. साउदम्प्टनहून निघालो की न्यू फॉरेस्टचे रान लागते, रस्त्यावर मोकळी तट्टे आडवी येतात, आणि मग हे गाव. येथे १९६७ पासून ‘ऑटोजम्बल’ भरते. तिकडे चर्चच्या मदतीसाठी जुन्यापान्या वस्तू विकतात त्या विक्रीस ‘जम्बल सेल’ म्हणतात. त्यावरून हा शब्द ब्यूलीतच घडविला गेला.

आमचे निमित्त होते एका मित्राच्या वडिलांची मॉरिस मायनर. वसईच्या वाडीत झावळ्यांच्या छपराखाली ती कित्येक वर्षे उभी होती. रविवारच्या मिस्साहून परतल्यावर वडील ती फडक्याने पुसायचे, एवढाच तिचा वापर. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने ती मागितली होती; चालविण्यासाठी नव्हे, सुटी करून विकण्यासाठी. मित्राने होकार दिला नव्हता, पण नकारही दिला नव्हता. वडिलांना याचा पत्ता नव्हता. त्यांनी इतकेच सांगितले होते, “डाव्या बाजूचा हात मिळतो का, तेवढे बघा.”

हा हात म्हणजे ट्रॅफिकेटर. जुन्या मायनर गाडीला वळण दर्शविणारे लुकलुकते दिवे नव्हते. दारामागच्या खांबात वीतभर लांबीचा पिवळसर हात दडलेला असे. कळ फिरविली की विद्युतचुंबक त्याला ओढी, तो आडवा उघडे आणि आतला इवलासा दिवा पेटे. हात दाखवून अवलक्षण होऊ नये म्हणून केलेली ही सोय!

मैदानावर सुमारे २,००० दुकाने. चटईवर मांडलेली गिअरची चाके, दोरीला टांगलेली स्टिअरिंगे, मेणकागदातले बेअरिंग, कोणत्या गाडीचे ते विकणाऱ्यालाही न सांगता येणारे दिवे. मुंबईच्या चोर बाजाराची आठवण येत होती, फक्त आरडाओरड नव्हती. दुपारपर्यंत आम्ही तीन हात पाहिले. तिन्ही उजव्या बाजूचे.

चौथा एका वृद्ध गृहस्थाकडे मिळाला. त्यांनी बॅटरी जोडली आणि हात टपकन वर आला. आमचा मित्र लहान मुलासारखा हसला. गृहस्थांपाशी बिस्किटांचे डबे होते आणि एक वही. स्वतःच्या पत्नीची मायनर त्यांनी सुटी केली होती. कोणता भाग कोणाच्या गाडीत गेला, हे वहीत लिहिलेले. थंडीत रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने तिचा तळ खाऊन टाकला होता, दुसरा इलाज उरला नव्हता. पैसे घेता घेता त्यांनी विचारले, “तुमच्या गाडीचा तळ कसा आहे?” मित्र म्हणाला, “चांगला आहे.” यावर ते काही बोलले नाहीत. मित्रही बराच वेळ बोलला नाही.

त्याच आवारात मठाचे अवशेष आहेत, तेथे आम्ही डबे उघडले. इंग्लंडच्या जॉन राजाने १२०४ साली सिस्टर्शियन संन्याशांना ही जागा दिली. आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये मठ बंद केला. महामंदिर पाडले गेले, त्याचे दगड किनाऱ्यावरच्या कॅलशॉटसारख्या किल्ल्यांच्या बांधकामात गेले. आज हिरवळीवर केवळ त्याच्या पायाची रेघ दिसते. मठाचाही असा सुट्या भागांचा बाजार झालेला पाहून, कॅथलिक म्हणून, आमच्या घशात घास अडकला हे खरे. तथापि संन्याशांचे भोजनगृह अजून धडधाकट उभे आहे. जेवताना एक संन्यासी ज्या भिंतीतल्या व्यासपीठावरून पवित्र वाचन करी, ते व्यासपीठही शाबूत आहे. कारण साधे आहे: गावकऱ्यांनी त्या भोजनगृहाचे धर्मग्रामाचे चर्च केले आणि ते वापरात राहिले. (ते चर्च आता आपल्या पंथाचे नाही, पण छप्पर गळत नाही.)

येथील मोटार संग्रहालयाचीही कथा अशीच. लॉर्ड माँटेग्यू यांनी १९५२ मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ घराच्या दालनात मोजक्या जुन्या मोटारी मांडल्या, तेथून ते वाढले. आमच्यातला एकजण म्हणाला, “यांनी गाड्या लोकांसमोर आणल्या. आपण झावळ्यांखाली ठेवतो.” बोलणे जरा लागण्यासारखे होते. मित्राने हाताची पुडी खिशात घातली आणि तिथूनच व्यापाऱ्याला फोन लावला. आम्हांला फक्त “नको” एवढे ऐकू आले.

त्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्साला गाडी निघाली. मुलगा चालवीत होता, वडील शेजारी, मागे आम्ही तिघे दाटीवाटीने. चर्चकडे वळताना वडिलांनी स्वतः कळ फिरविली. हात बाहेर आला, दिवा पेटला. मागच्या रिक्षावाल्याला त्याचा अर्थ काही उमगला नाही. त्याने जोरजोरात हॉर्न वाजविला.